खडूचा टंच

टेबलावर काठीने पूल खेळणाऱ्याने महागडा खडू घ्यावा की नाही, हा प्रश्न मी ज्या माणसाला विचारला त्याने आयुष्यात एकदाही काठी हातात धरलेली नव्हती. तरीही उत्तर द्यायला त्याने सव्वा महिना मागून घेतला, आणि मी तो निमूटपणे दिला.

विट्यात त्यांना सगळे शेठ म्हणत. आता विट्यात शेठ नसलेला माणूस सापडणं कठीण. घरटी एकजण कुठल्या तरी लांबच्या शहरात सोनं गाळायच्या दुकानात असतो, आणि दिवाळीला गावी आला की शेठ होऊनच येतो. पण नुसतं 'शेठकडं जाऊन येतो' म्हटलं की या एकाच शेठकडे, दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यांनी तमिळ मुलखात पस्तीस वर्षं जुने दागिने गाळले होते. ऐंशी-नव्वद दागिन्यांच्या ढिगात हात घालून, एकेक काळ्या दगडावर घासून, उमटलेल्या रेघेकडे बघून ते टंच सांगत. टंच म्हणजे शंभरात सोनं किती आणि इतर धातू किती. त्यांनी एकदा आकडा सांगितला की त्या बाजारात कुणी वाद घालत नसे. हे सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं, त्यामुळे मीही वाद घालत नाही.

मी तेव्हा एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. घर साताऱ्यात आणि वाट्याला आलेला पट्टा कऱ्हाडपासून विट्यापर्यंतचा. डॉक्टर लोक दुपारी एक ते पाच विश्रांती घेतात. प्रतिनिधीने त्या वेळात कुठे जावं, याचा विचार आजवर कुठल्याही कंपनीने केलेला नाही. मी बॅग घेऊन स्टँडवर बसायचो, चहा प्यायचो, परत बसायचो. एके दिवशी समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून चेंडूवर चेंडू आदळल्याचा आवाज आला आणि मी जिना चढलो.

वर एकच टेबल होतं. शेठच्या मुलाने ते कधीतरी हौसेने आणलं होतं. मग मुलगा बापाच्या हाताखाली दुकानात गेला आणि टेबल इथे चादरीखाली झोपून राहिलं. पुढे बाप गावी परत आला, करायला काही नव्हतं, म्हणून त्याने चादर काढली. शेठना खेळाचे नियम ठाऊक नव्हते आणि शिकायची इच्छाही नव्हती. "ती काळी शेवटीच का घालायची?" असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, नियम आहे. ते म्हणाले, "मग राहू दे."

पण दुकान चालवायची त्यांची रीत सोन्याच्या दुकानाची होती. सोन्याच्या दुकानातला केर टाकत नाहीत. त्यात सोन्याची कणी असते, म्हणून केर साठवून धुतात. कामगारांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात ठेवतात. पस्तीस वर्षांची ही सवय गावी आल्यावर सुटावी कशी? शेठ रोज संध्याकाळी टेबलावरची निळी भुकटी बारीक कुंचल्याने एका दिशेने झाडत आणि बरणीत भरत. अशा बरण्यांची एक अख्खी फळी होती. जाताना प्रत्येक खेळणाऱ्याने दाराजवळच्या घमेल्यात हात धुवायचे. मी एकदा विचारलं, "शेठ, या पाण्यात काय सापडणार?"

"काय न्हाई."

"मग कशाला?"

"सापडंल म्हनून धूत न्हाईत रं, गोळीवाले. फेकायचं न्हाई म्हनून धुत्यात."

गोळीवाले म्हणजे मी. कंपनीने माझ्या कार्डावर बराच मोठा हुद्दा छापला होता. शेठनी ते कार्ड वाचायला लांब धरलं, जवळ धरलं, खिशात घातलं आणि मला एक सोपं नाव दिलं.

खुर्ची मात्र ते टेबलाकडे पाठ करून टाकत. तोंड खिडकीकडे, पाठ खेळाकडे. मी म्हणायचो, अहो शेठ, बघा तरी. ते म्हणायचे, "बघायचं काय त्यात? मी ऐकतोय की." आणि खरंच ऐकत. काठीच्या टोकाला चामड्याची टिकली असते. ती पांढऱ्या चेंडूवरून घसरू नये म्हणून प्रत्येक टोल्याआधी तिला खडू घासायचा असतो. घसरलीच तर 'टक्' असा मेलेला आवाज येतो, चेंडू भलतीकडे जातो आणि खेळणारा छताकडे बघतो. आम्ही छताकडे बघायच्या आधी शेठ खिडकीकडे तोंड करून म्हणायचे, "घसरली."

माझी कंपनी डोळ्यांचे थेंब विकत होती, त्यामुळे माणसाच्या डोळ्याकडे बघायची मला खोड लागलेली. शेठच्या दोन्ही बाहुल्यांवर साय धरलेली होती. लाल चेंडू आणि केशरी चेंडू त्यांना एकच दिसत असणार. मी एकदा हळूच म्हटलं, "मोतीबिंदू आहे. अर्ध्या तासाचं काम असतं हल्ली." त्यांनी मला इतकं स्वच्छ दुर्लक्षिलं की चहा आला, पिऊन झाला, कप परत गेला, तरी ते खिडकीतून बाहेरच बघत होते.

शेठना चूक ही गोष्टच मान्य नव्हती. एकदा त्यांनी आमच्या चहात साखर समजून मीठ घातलं. आम्ही सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. त्यांनी स्वतः एक घोट घेतला, शांतपणे गिळला आणि म्हणाले, "साखर खारट आली हाय ह्या बारीला." काकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, दारात उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "ह्येंच्या तोंडनं 'माझं चुकलं' ऐकायसाठी म्या चाळीस वर्सं थांबलीया. तुमाला ऐकू आलं तर मला बी सांगा."

काकूंच्या त्या बोलण्यात थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती. शेठ गावी परत का आले ते अख्ख्या विट्याला ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सांगत. चार वर्षांपूर्वी मुलाने दुकानात टंच काढायचं मशीन आणलं. दागिना आत ठेवला की पडद्यावर आकडा येतो. एके दिवशी तिथली एक म्हातारी फुलवाली आपल्या बांगड्या घेऊन आली. ती वीस वर्षं रोज सकाळी दुकानातल्या देवाला हार आणून द्यायची. शेठनी बांगड्या दगडावर घासल्या आणि म्हणाले, ब्याण्णव. मुलाने त्या मशीनमध्ये ठेवल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाला, चौऱ्याऐंशी. शेठ म्हणाले, मशीन चुकलं. मुलगा म्हणाला, आप्पा, तुम्हाला आता दिसत नाही. शेठनी दगड तिथेच ठेवला आणि रात्रीची गाडी धरली.

तेव्हापासून बापलेक बोलत नव्हते. म्हणजे बोलत, पण काकूंमधून. दर रविवारी अकराला मुलाचा फोन यायचा. काकू घरी मोबाईल स्पीकरवर टाकून दोघांच्या मधल्या तिपाईवर ठेवायच्या. मुलगा विचारायचा, "आप्पांची तब्येत कशी हाय?" शेठ हातभर अंतरावर बसून काकूंना सांगायचे, "त्याला सांग, बरी हाय." मुलाला ते ऐकू यायचंच. तरी काकू सांगायच्या, "बरी हाय म्हनत्यात." मुलगा म्हणायचा, "त्यांना म्हनावं, डोळं दाखवून घ्या." शेठ म्हणायचे, "त्याला इचार, मशीनचं डोळं दाखवलं काय?" एका रविवारी मी तिथे होतो. मला हसू आलं. मग काकूंचा चेहरा बघितला आणि ते गेलं.

तर अशा माणसापुढे मी माझा खडू ठेवला.

त्याचं असं झालं की सांगलीच्या एका इंजिनीअरिंगच्या पोराने मला सांगितलं, तुमचा खेळ चांगला आहे, तुमचा खडू भिकार आहे. चांगला खडू टिकलीला धरून बसतो, चेंडूवर डाग सोडत नाही, तीन-चार टोले पुरतो. मी घरी येऊन मोबाईलवर तीन संध्याकाळी वाचत बसलो. अमक्या देशातली माती, तमक्या प्रयोगशाळेतलं मिश्रण. जी भाषा मी रोज डॉक्टरांना ऐकवतो तीच भाषा, त्याच विशेषणांसकट, आणि मी तिला अलगद भुललो. अठराशे रुपये मोजून एक वडी मागवली. ती दागिन्याच्या डबीसारख्या डबीत आली.

"कितीला?" शेठनी विचारलं.

"अठराशे."

"डझन?"

"एक."

शेठनी प्रथमच खुर्ची माझ्याकडे फिरवली. "गोळीवाले, घरी सांगितलंय काय?"

"नाही."

"मग मी बी सांगत न्हाई." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुज्या गोळीत आन स्वस्तातल्या गोळीत फरक काय असतो रं?"

"बरेचदा वेष्टनाचा," मी खरं सांगून टाकलं.

"मग तू हितं कसा फसलास?"

"शेठ, हलवाई स्वतःची मिठाई खात नाही. दुसऱ्याची खातोच की."

या उत्तरावर ते खूश झाले आणि म्हणाले, ठेव हितं, टंच काढतो. मी चहा सांगायला खाली गेलो. परत आलो तर माझ्या अठराशे रुपयांच्या वडीचा एक कोपरा नव्हता. शेठनी छिन्नीने तो उडवला होता.

"अहो!" मी ओरडलो.

"नमुना," ते म्हणाले. "नमुना काढल्याबिगर टंच कसा सांगू?"

त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या धंद्यात कुणी सोन्याची लगड पुढे ठेवली की आधी तिचा कोपरा तासायचा, हे इतकं ठरलेलं की विचारायची रीत नाही. त्यांनी तो कोपरा काळ्या दगडावर घासला. निळी रेघ उठली. तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकला. मग उरलेली वडी काट्यावर तोलली आणि डोळे मिटून बोटांत फिरवली. आम्ही चार-पाच जण श्वास रोखून उभे होतो.

"सोनं न्हाई," शेठ म्हणाले.

एवढा अंदाज मलाही होता.

पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं काकूंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे टंच काढायला काहीतरी आणलं होतं. त्यांच्यासाठी तो नुसता खडू नव्हता. सकाळी त्यांनी जाहीर केलं की या मालाचा कस दगडावर लागत नाही, तो कामावर लावायला पाहिजे, आणि त्याला सव्वा महिना लागेल. दोन रिकामे डबे आणले. एक साध्या खडूचा, एक माझ्या खडूचा. एक दिवस सगळ्यांनी साधा खडू वापरायचा, दुसऱ्या दिवशी माझा. काठी घसरली की शेठ, पाठ करून बसलेले, त्या दिवसाच्या डब्यात एक चिंचोका टाकणार.

आमच्यात ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारे एक सर होते. ते म्हणाले, "शेठ, नुसते चिंचोके मोजून चालणार नाही. एकूण टोले किती झाले, त्याला भागावं लागेल."

"सर," शेठ म्हणाले, "तुमी खेळा."

मग सव्वा महिना ती खोली एखाद्या परीक्षेच्या दालनासारखी झाली. शेठ सगळ्यांचं बोलणं बंद करायचे, पंखा बंद करायचे. खाली भाजीवाला ओरडायला लागला की खिडकीतून हात दाखवून त्याला थांबवायचे, आणि तोही थांबायचा. खडू घासल्याचा खरखर आवाज, मग टोला. मध्येच 'टक्', आणि डब्यात चिंचोका पडल्याचा खण. त्या सव्वा महिन्यात ते मला दहा वर्षांनी तरुण दिसले. खोटं कशाला सांगू, मला त्या म्हाताऱ्याचा लळा लागला होता. भिवघाटाकडचे दोन डॉक्टर मी विट्याच्या पायी सोडून दिले.

निकालाच्या दिवशी शेठ दाढी करून, पांढरा सदरा घालून आले. चिंचोके मोजले नाहीत. सोन्याचा काटा काढून एका पारड्यात हा डबा, दुसऱ्यात तो, असे तोलले. माझ्या खडूचं पारडं खाली गेलं. म्हणजे महागड्या खडूने काठी जास्त वेळा घसरली होती.

पोरं हसायला लागली. शेठनी हात वर केला.

"हसू नका. माल चांगला हाय. चिकटून बसतो, चेंडूला डाग पाडत न्हाई. मी ऐकलाय. साधा खडू दगडावर दगड घासल्यागत वाजतो, ह्यो जरा मऊ वाजतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पर तू त्यो लावत न्हाईस. साधा खडू टोल्याटोल्याला लावतोस. ह्यो हातात आला की हात आखडतो तुजा. चौथ्या टोल्याला एकदा लावतोस, त्ये बी नैवेद्याला हात लागल्यागत. आन तुजं बघून ही सगळी तसंच करत्यात, कारन वडी तुजी. ज्यो खडू घासाया जीव हुत न्हाई, त्यो घिऊ नये. झाला टंच."

ते अगदी खरं होतं. आमच्या घरी चांगल्या कपांचा एक संच आहे. तो फुटू नये म्हणून आम्ही फुटक्या कपातून चहा पितो. माझ्या खडूचं तेच झालं होतं. गणिताचे सरसुद्धा म्हणाले की भागाकार केला असता तरी हेच आलं असतं. शेठनी तिकडे लक्षच दिलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मी बघितले.

मग आली माधवनगरची स्पर्धा. एका बंद गिरणीच्या गोदामात पाच टेबलं मांडली होती आणि जिल्ह्याभरातून खेळणारे आले होते. मी महागडी वडी घरी कपाटात ठेवली आणि साध्या खडूची नवी वडी खिशात घातली. शेठ म्हणाले, मी येनार. निकाल त्यांचा होता, तर तो चाललेला त्यांना ऐकायचा होता. विट्याहून आम्ही तिघं सकाळच्या एसटीने निघालो, मी, सर आणि शेठ. तिथे त्यांनी खुर्ची मागून घेतली आणि नेहमीप्रमाणे टेबलाकडे पाठ करून बसले. संयोजकांना वाटलं म्हातारबाबा रुसलेत. दोनदा कुणी ना कुणी येऊन त्यांची खुर्ची सरळ करून गेलं, दोनदा शेठनी ती परत फिरवली.

मी पहिले दोन सामने जिंकलो. तिसऱ्यात समोर तोच इंजिनीअरिंगचा पोरगा आला, त्याच्या खिशाला चुंबकाने लटकलेली महागडी वडी घेऊन. शेवटच्या डावात फक्त काळा चेंडू उरला, आणि पाळी माझी. सरळ टोला होता. विट्यात असा टोला मी बॅग खांद्याला अडकवून मारला असता. मी खडू घासला. मन भरलं नाही म्हणून परत एकदा घासला. खाली वाकलो, मारला. टक्. पांढरा चेंडू दोन वीत सरकून थांबला. पुढच्या पाळीला पोराने काळा चेंडू आत घातला आणि माझ्याशी हात मिळवला. पोरगा सभ्य होता, खडूबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्याचाच जास्त राग आला.

आम्ही बाहेर गुलमोहराखालच्या कट्ट्यावर येऊन बसलो. सरांनी भडंगाची पिशवी उघडली. शेठ म्हणाले, "खडू लावला न्हाईस तू."

"लावला."

"न्हाई. मी ऐकत हुतो. बाकी सगळ्या टोल्याला लावलास, ह्या टोल्याला न्हाई."

"शेठ, दोनदा लावला. दोनदा!"

"मग मला ऐकू आला असता."

माझा इतक्या वेळचा संताप तिथे बाहेर आला. "म्हणजे तुम्हाला ऐकू आलं नाही, तर मी लावलाच नाही? चहात मीठ पडलं तर साखर खारट, मशीनने वेगळा आकडा दाखवला तर मशीन चुकीचं, आणि मी हरलो तर मी खोटारडा?"

असं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. मशीनचा विषय तर विट्यात कुणीच काढत नसे. सर चाचरत म्हणाले, "माझ्याकडे चित्रण आहे. शेवटच्या डावाचं. यांनी जिंकल्यावर टाकायचं म्हणून मी मोबाईलवर घेत होतो."

त्यांनी मोबाईल शेठच्या डोळ्यांपुढे धरला. शेठनी तो हातात घेतला आणि डोळ्यांपुढून काढून कानाला लावला. जाणारे-येणारे बघत होते, हा कुणाचा फोन ऐकतोय. आत माणसांचा गलका होता, पण त्यातून ते स्पष्ट ऐकू येत होतं. खर्र खर्र. मग थोडा वेळ काही नाही. परत खर्र खर्र. मग टक्.

शेठ म्हणाले, परत लाव. सरांनी परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

मग त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला. "लावलायस," ते म्हणाले. "दोनदा. माझं चुकलं."

सरांच्या हातातलं भडंग हातातच राहिलं. मला पटकन काकू आठवल्या, आणि मग त्यांची आठवण काढल्याचीही लाज वाटली, कारण शेठचा चेहरा थट्टा करण्यासारखा राहिला नव्हता.

"तू टोल्याला उभा राहिलास तवा लय वेळ लावलास," ते म्हणाले. "मला वाटलं, भ्यालं पोरगं. आता ह्यो खडू इसरनार. एकदा तसं मनात आलं, आन मग मला ऐकूच आलं न्हाई. कान धड हायत रं माजं. पर मी आधीच ठरवून बसलो हुतो."

मी म्हटलं, "जाऊ द्या शेठ. खेळात होतं."

"खेळाचं कोन बोलतंय?" त्यांनी डोळे पुसले. "ती फुलवाली वीस वर्सं हार आनत हुती. नातीच्या लग्नाला म्हनून बांगड्या काढल्या हुत्या तिनं. त्या बऱ्या निघाव्यात असं मला लय वाटत हुतं. दगडावर घासायच्या आधीच मी ब्याण्णव म्हनून बसलो हुतो." मग ते म्हणाले, "पोराला फोन लाव."

"काकूंना लावतो, मग त्या..."

"काकूला न्हाई. पोराला."

माझ्याकडे मुलाचा नंबर नव्हता. शेठनी सांगितला. दहाच्या दहा आकडे, न अडखळता. चार वर्षांत त्यांनी तो एकदाही लावला नव्हता.

मी स्पीकर लावून मोबाईल त्यांच्या तळहातावर ठेवला. पलीकडून दुकानाचा आवाज आला, भट्टीच्या पंख्याची घरघर, कुणाचं तरी तमिळ बोलणं. "हॅलो, कोन?"

"मी हाय."

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. मग एकदम घाबऱ्या आवाजात, "आप्पा? काय झालं? आई बरी हाय न्हवं?"

"आई बरी हाय. तू ऐक. त्या फुलवालीच्या बांगड्या. ब्याण्णव न्हवत्या त्या. तुज्या मशीनचं बरोबर हुतं. मला दिसत बी न्हवतं धड, आन त्या ब्याण्णव निघाव्यात असं बी वाटत हुतं. माझं चुकलं."

पलीकडे कुणीतरी पंखा बंद केला. मी आणि सर गुलमोहराकडे बघत बसलो.

"न्हाई आप्पा," मुलगा म्हणाला. तो फार भरभर बोलत होता. "मशीनच चुकलं हुतं. तुमी गेल्यावर दुरुस्तीवाला आला, तो म्हनला आतला काटा सरकलाय. मग मी त्याच बांगड्या परत लावून बघितल्या. ब्याण्णव आलं. पुरतं ब्याण्णव. तुमचंच बरोबर हुतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"कवा सांगू? तुमी फोनवर येताय कुठं?" मग त्याचा आवाज खाली आला. "हिकडं या तुमी. आईला घिऊन या. डोळ्याचं करून घिऊ हितंच. आन दगड तुमचा जागच्या जागी हाय, कुनी हात लावल्याला न्हाई."

"सरी," शेठ म्हणाले. तमिळमध्ये त्याचा अर्थ 'बरं' असा होतो, एवढं तमिळ मीही त्यांच्याकडून शिकलो होतो. "येतो. ठेव आता, भट्टी थंड हुईल."

त्यांनी मोबाईल मला परत दिला, सरांच्या पिशवीतून मूठभर भडंग घेतलं आणि सावकाश खात बसले. एसटीला अजून अवकाश होता. त्यांच्या सायीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, दोन्ही एकदम.

"बघा," मी म्हटलं, "शेवटी तुमचाच आकडा खरा निघाला."

"छ्या. खोटं बोलतंय पोरगं."

"कशावरून?"

"आरं, बांगड्या तिनं तवाच पदरात बांधल्या आन गेली. पुन्हा दुकानात आलीच न्हाई ती. ह्यानं परत लावून बघितल्या त्या कुठल्या?"

सरांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. "मग तुम्ही त्याला तिथल्या तिथे बोललात का नाही?" मी विचारलं.

शेठनी तळहातावरचं शेवटचं भडंग तोंडात टाकलं आणि हात झटकले.

"त्ये 'तुमचंच बरोबर हुतं' परत एकदा बोल म्हननार हुतो," ते म्हणाले. "पर बरं दिसलं नसतं."